शाळा झेपत नसेल तर : पुण्यातल्या पालकांसाठी क्रमाने काही गोष्टी

"ताई, तो एनआयओएसचा फॉर्म कुठे मिळतो हो?" निकाल लागले की असा फोन हमखास येतो. कुणाचा मुलगा सातवीत सगळ्या विषयांत मागे पडलेला असतो, कुणाची मुलगी सकाळी बूट घालतानाच पोट धरून बसते, कुणाला शाळेने बोलावून "तुम्ही दुसरीकडे बघा" असं सुचवलेलं असतं. एनआयओएस म्हणजे शाळेत न जाता दहावी-बारावी देता येणारं मुक्त विद्यालय. त्याच्या फॉर्मचं मी सांगतेच, पण त्याआधी एक विचारते : मुलाचं नेमकं काय अडतंय, हे कुणी तपासलंय का? बहुतेक वेळा पलीकडून काही उत्तर येत नाही.

माझा मुलगा आता मोठा झालाय. तिसरी ते सहावी ही चार वर्षं आमच्या घराने फार वाईट काढली, आणि त्यातली निदान दोन केवळ क्रम चुकल्यामुळे वाया गेली. आधी शिकवणी बदलली, मग शाळा बदलली, मधल्या काळात त्याला खूप बोललो, आणि तपासणी सगळ्यात शेवटी केली. तुमच्या घरी उलटं व्हावं म्हणून हे लिहिते आहे. मार्ग पुण्यात बरेच आहेत. कुठला मार्ग कुठल्या मुलासाठी, हे कळलं नाही तर मात्र त्यांचा उपयोग होत नाही.

पहिलं पाऊल : वही उघडा

मार्क बाजूला ठेवा आणि मुलाची शाळेतली वही घेऊन अर्धा तास बसा. घरच्या अभ्यासाची नको, वर्गातली, फळ्यावरून उतरवून घेतलेली.

माझ्या मुलाच्या तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या वहीत एकही वाक्य पुरं नव्हतं. "पावसाळ्यात नदीला पू" आणि पुढे कोरं. खाली नवी तारीख, नवं वाक्य, तेही मधेच तुटलेलं. प्रत्येक पानावर लाल शाईत "अपूर्ण". बाईंना वाटायचं लक्ष नाही, मला वाटायचं आळस आहे. एका रविवारी मी वर्तमानपत्रातल्या चार ओळी त्याला उतरवायला दिल्या आणि शेजारी बसून बघत राहिले. तो एक अक्षर बघायचा, लिहायचा, पुन्हा वर बघायचा, आपण कुठे होतो ते बोटाने शोधायचा, मग पुढचं अक्षर. वर्गात एवढं होईपर्यंत फळा पुसलेला असणार. आळशी मूल इतके कष्ट करत नाही.

मराठीत काही खुणा ठळक दिसतात. "प्रकाश"चं "पकाश" होतं, जोडाक्षर आलं की मूल अडखळतं किंवा उडी मारून पुढे जातं. काना राहतो, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल तिसरी-चौथीपर्यंत टिकते. आकड्यांत पंचवीस म्हटलं की ५२ लिहिलं जातं, कारण आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना ती सोय का हवी होती, हे लगेच समजलं असेल.

या चुका पहिली-दुसरीत सगळीच मुलं करतात. वय वाढलं तरी त्या जात नसतील, आणि तोंडी विचारल्यावर तेच मूल नीट उत्तर देत असेल, तर पुढच्या पावलाला उशीर करू नका.

कधीकधी वही स्वच्छ, पुरी असते आणि तरीही मूल शाळेला जायला घाबरतं. तिथे अडचण अभ्यासाची नसते. वर्गात कुणी छळतंय का, कुणी मारतंय का, बसमध्ये काही घडतंय का, हे आधी काढा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. आणि मूल "मला जगायचंच नाही" अशा अर्थाचं काही बोललं, सहज बोलल्यासारखं वाटलं तरी, ते हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही बोलता येतं.

दुसरं पाऊल : डोळे, कान, आणि मग मानसतज्ज्ञ

सरळ डिस्लेक्सियावर, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडण्यावर, उडी नको. आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग कानाची तपासणी. एका कानाने कमी ऐकू येणारं मूल मागच्या बाकावर बसलं की "दुर्लक्ष करतो" असा शेरा मिळवतं, आणि घरी जवळून बोलत असल्यामुळे आपल्याला काहीच जाणवत नाही.

ते ठीक निघालं की मानसतज्ज्ञाकडे. तिथे बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी, दोन्ही व्हायला हव्यात. नुसत्या बुद्ध्यांकावरून काही ठरत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाची वाचनचाचणी इंग्रजीतून घेतली तर तिला अर्थ राहत नाही, म्हणून "चाचणी मराठीतून घेता ना?" हे आधीच विचारा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली नावाची चाचणी मराठीतही आहे. विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका, जाणकार माणूस तो आनंदाने देतो.

पुण्यात ससून आहे, केईएममध्ये मुलांच्या विकासासाठी वेगळं केंद्र आहे, खासगी तज्ज्ञही पुष्कळ आहेत. जरा मोठ्या, आठवी-नववीच्या मुलाचा कल बघायचा असेल तर ज्ञानप्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका सदाशिव पेठेत वर्षानुवर्षं हे काम करते आहे.

तपासणीला जाताना जुन्या वह्या पिशवीत टाका. पाठ झालेली कविता मूल कुठेही घडाघडा म्हणून दाखवतं. वही ते लपवू शकत नाही.

तिसरं पाऊल : आहे त्याच शाळेत काय मिळू शकतं

हे पाऊल बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जरा थांबते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण, त्यातली एक आहे. म्हणजे वाचता न येणाऱ्या हुशार मुलाला सवलत मिळते ती शाळेच्या कृपेने नव्हे. राज्य मंडळाच्या दहावीला अशा मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणिताला कॅल्क्युलेटर अशा सवलती आहेत. गणित अजिबात झेपत नसेल तर खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा विषय घेण्याचीही वाट आहे. लेखनिक मुलापेक्षा खालच्या वर्गातला लागतो, आणि त्याच्याबरोबर आधी सराव करावा लागतो. सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे. माझ्या मुलाला ती यायला सहा महिने लागले.

त्यासाठी प्रमाणपत्र सरकारमान्य रुग्णालयाचंच लागतं, खासगी अहवाल मंडळ धरत नाही. पुण्यातली बरीच मुलं त्यासाठी ससूनला जातात. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. एका फेरीत काम होत नाही हे धरून चला. सकाळी लवकर निघा, मुलाला पोटभर खाऊ घालून न्या, कारण उपाशी आणि कंटाळलेल्या मुलाची चाचणी नीट होत नाही. दहावीच्या वर्षात धावाधाव करण्यापेक्षा सातवी-आठवीतच हे हातात असू द्या, म्हणजे शाळेला मंडळाकडे वेळेवर प्रस्ताव पाठवता येतो.

एका गोष्टीने मात्र मला फार वाईट वाटतं. ज्या मुलांचा बुद्ध्यांक सीमारेषेवर येतो, म्हणजे सर्वसाधारणपेक्षा कमी पण मतिमंदत्वापेक्षा जास्त, त्यांना यातलं जवळपास काहीच मिळत नाही. ती अध्ययन अक्षमतेत बसत नाहीत आणि दुसरीकडेही बसत नाहीत. अशा मुलांच्या आईबाबांनी प्रमाणपत्रामागे वर्षं घालवू नयेत. त्यांच्यासाठी पाचवं आणि सहावं पाऊल जास्त कामाचं आहे.

आणि शाळेने टाइप केलेला अर्ज पुढे ठेवला, "आम्ही स्वखुशीने दाखला काढत आहोत", तर सही करू नका. आमच्यापुढे ठेवला होता. मुलगा पाचवीत होता, मुख्याध्यापकांच्या टेबलावर पेन आधीच उघडून ठेवलेलं होतं, आणि मी सही केली. आठवीपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "घरी बोलून सांगते" एवढं म्हणा आणि उठा. पुढचं बोलणं लेखी करा, पोच घ्या.

चौथं पाऊल : शाळा बदलायची असेल तर

पुण्यात माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मुलं अडतात ती माध्यमावर. घरी कुणी इंग्रजी बोलत नाही, आजी गोष्टी मराठीत सांगते, आणि मूल मात्र पहिलीपासून पाठ्यपुस्तक पाठ करतंय, कळत काहीच नाही. अशा मुलाला काहीही अक्षमता नसते. त्याला त्याच्या भाषेत आणा. चौथीपर्यंतचं मूल मराठी माध्यमात सहा महिन्यांत रुळतं, हे मी पाहिलंय. गणित-विज्ञान इंग्रजीतून हवंच असेल तर पुढे सेमीची सोय असतेच. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न या एका निर्णयात फार मोठा होऊन बसतो. तो मुलाच्या डोक्यावर बसू देऊ नका.

वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या शाळा बघायच्या तर सेनापती बापट रस्त्यावरची अक्षरनंदन ही मराठी माध्यमाची शाळा १९९० च्या दशकापासून चालू आहे. तिथे हाताने काम करणं हा शिकण्याचाच भाग आहे. माँटेसरी, वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळाही शहरात आहेत, त्यांची फी जास्त असते. कुठल्याही शाळेत गेलात तर माहितीपत्रक नंतर वाचा, आधी तीन गोष्टी विचारा : एका वर्गात मुलं किती, विशेष शिक्षक शाळेत रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो, आणि माझ्या मुलासारखी आधी आलेली मुलं आता कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा माणूस कसा बोलतो ते नीट ऐका.

दाखला अडवून ठेवला जातोय अशी तक्रार नेहमी येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं, ही तरतूदही त्याच कायद्यात कलम ४ मध्ये आहे.

पाचवं पाऊल : मुक्त विद्यालय

आता तो फॉर्म.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. हे केंद्र सरकारचं मंडळ आहे आणि त्याची दहावी-बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरली जाते. पुण्यात त्यांचं विभागीय कार्यालय आहे. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, बारावीसाठी १५ आणि दहावी पास.

याचं खरं बळ तीन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे विषय. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. गणित आणि विज्ञान सक्तीचं नाही. त्याऐवजी गृहविज्ञान, चित्रकला, मानसशास्त्र, व्यवसाय अध्ययन, डेटा एंट्री, हिंदुस्थानी संगीत असं काही घेता येतं. काही विषय मराठी माध्यमातूनही आहेत. दुसरी गोष्ट, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही, म्हणजे या सत्रात दोन, पुढच्या सत्रात एक, असं जमतं. ज्या मुलाने आयुष्यात "सगळे विषय एकदम" या ओझ्याखाली हातपाय गाळलेत, त्याला हे केवढं मोकळं करतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तिसरी, राज्य मंडळाच्या दहावीत दोन विषयांत पास आणि बाकीचे राहिलेले असतील, तर त्या दोन विषयांचे गुण इथे आणता येतात.

परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पास व्हायला ३३ टक्के. घरी लिहून द्यायच्या कामाला म्हणजे टीएमएला २० टक्के गुण असतात. ते फुकट घालवू नका, आणि आईने लिहून देऊ नका.

प्रवेश थेट संकेतस्थळावर घेता येतो. क्लास लावणं सक्तीचं नाही. शहरात एनआयओएसचे क्लास गल्लोगल्ली झालेत. त्यातले काही मनापासून शिकवतात, पण "पास करून देतो" असं म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. मंडळाची फी वेगळी आणि क्लासची वेगळी, दोन्हीच्या पावत्या वेगळ्या मागा. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

विषय निवडताना मात्र पुढचं बघूनच निवडा. गणित सोडलं की पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, अकरावी विज्ञान, आयटीआयचे बरेच ट्रेड यांची दारं बंद होतात. मूल आज रडतंय म्हणून गणित सोडू नका, आणि शेजाऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून धरूनही ठेवू नका. दोन महिने एखाद्या चांगल्या विशेष शिक्षकाकडे गणित करून बघा, मग ठरवा. अकरावीला पुण्यातल्या महाविद्यालयात जायचं असेल तर एप्रिलची परीक्षा सोयीची. ऑक्टोबरला दिली की पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागतं.

१४ पेक्षा लहान मुलांसाठी एनआयओएसचा मुक्त मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रम आहे, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचा. राज्याचं स्वतःचं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही आहे. त्यांची पाचवी वयाच्या दहाव्या आणि आठवी तेराव्या वर्षानंतर देता येते. घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांना हे टप्पे कामाला येतात. कायद्यात घरच्या शिक्षणाला वेगळी जागा नाही, त्यामुळे असा एखादा कागद हाताशी असलेला बरा. आणि घरी शिकवायचं म्हणजे आईने नोकरी सोडायची, असंच बहुतेक घरांत गृहीत धरलं जातं. ते आधी घरात सगळ्यांनी बसून बोला.

१७ नंबरचा फॉर्म ही वेगळी गोष्ट आहे, लोक घोळ करतात. तो भरून राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देता येते, पण अभ्यासक्रम तोच आणि पेपरही तेच. ज्याला अभ्यास जमतो पण शाळेची वेळ किंवा वातावरण जमत नाही, त्याच्यासाठी तो ठीक. ज्याला अभ्यासच जड जातोय त्याचं ओझं त्याने हलकं होत नाही. दिवसा काम करणाऱ्या मोठ्या मुलांसाठी सरस्वती मंदिर संस्थेचं पूना नाइट हायस्कूल आहे, तेही विचारून बघा.

सहावं पाऊल : हाताने शिकणारी मुलं

शिरूर तालुक्यातलं पाबळ पुण्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं शास्त्रज्ञाचं काम सोडून ते गावात येऊन राहिले, कारण हाताने काम करता करता माणूस नैसर्गिकपणे शिकतो यावर त्यांचा विश्वास होता. तिथे मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी डिप्लोमा आहे. आठवी झालेलं मूल जाऊ शकतं, आणि त्याला एनआयओएसची मान्यता आहे. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं करून शिकायचं. मुलं गावासाठी खरी कामं करतात, हिशेब खरा असतो. भागाकार न येणारं मूल पत्र्याचं माप काढताना भागाकार करतं. आधी एक दिवस मुलाला घेऊन जा आणि तिथल्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्या.

आयटीआय म्हणजे नापासांची जागा, हा समज आता तरी टाकून द्यायला हवा. औंधचं सरकारी आयटीआय मोठं आहे. वायरमन, वेल्डर यांसारखे काही ट्रेड दहावी पास नसलेल्यांनाही मिळतात. प्रवेश ऑनलाइन असतो, दहावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतो, तारखा चुकवू नका. दहावीला एक-दोन विषय राहिले असतील तर जुलैच्या पुरवणी परीक्षेची आणि अकरावीच्या एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची, वाटही लक्षात असू द्या. त्यासाठी वर्ष वाया घालवायची गरज नाही.

लहान मुलांसाठी विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली विज्ञानाची खेळणी तिथलीच, आणि ती कशी करायची ते मराठीतही फुकट बघायला मिळतं. शाळा बदलायच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत आम्ही घरी रोज एक खेळणं करायचो. काडेपेटी, सायकलची ट्यूब, जुने सेल. सूचना वाचून दाखवायचं काम मी मुद्दाम सोडून दिलं. चित्रं बघत बघत तो शब्द लावायला लागला.

मुलाला कधी आणि काय सांगायचं

ठरवण्याआधी सांगायचं, ठरल्यावर नाही. नातेवाइकांना कळण्याआधी त्याला कळायला हवं. "तुला जमत नाही म्हणून" हे शब्द तोंडून येऊ देऊ नका. तपासणीत काय निघालं ते त्याच्या वयाला समजेल असं खरं खरं सांगा. मी म्हणाले होते, "तुझ्या डोक्यात अक्षरं यायचा रस्ता लांबचा आहे. पोचतात, पण वेळ लागतो. आपण वेळ देणारी शाळा बघतोय." आता रडेल, मित्र सुटणार म्हणून चिडेल, अशी मनाची तयारी करून बसले होते.

तो बराच वेळ पायपुसण्याचे धागे ओढत बसला. मग त्याने विचारलं, "मग आता मला कितीची बस?" त्याच संध्याकाळी आम्ही दोघं डेपोत जाऊन वेळापत्रक बघून आलो. बसचा नंबर त्यानेच वाचला.